रुमालाखाली

काचबिंदूनं डावा डोळा दिवाळीतच नेला.
उजव्यात उरलीय एवढीशी फट,
शटर ओढताना शेवटच्या गिऱ्हाइकासाठी
दुकानदार ठेवतो तेवढी.

त्रिशलानं माझ्या कमरेला पट्टा बांधला.
आत आठ मोटारी, म्हणाली, शेंगदाण्याएवढ्या.
डावीकडं वळायचं तर डावी कूस थरथरेल,
उजवीकडं तर उजवी,
आणि माकडहाडापाशी गुणगुणलं
तर समजायचं, अण्णा, चुकलो, मागं फिरा.
करदोडा होताच, त्याच्यावर हा दुसरा.
पहिल्याला चार्जिंग लागत नाही, एवढंच मी म्हटलं.
पुतणी हसली नाही. तिचं मोजमाप चाललं होतं.

पोरी, मला काय शिकवतेस?
चाळीस वर्षं मी न बघताच व्यापार केला,
सांगलीच्या यार्डात, एका रुमालाखाली.
वर तोंड बोलायचं चहाचं, साडूच्या आजारपणाचं,
खाली बोटं हळदीचा भाव करायची.
अख्खा पंजा धरला की पाच,
मधलं पेर दाबलं की अर्धा,
तळव्यावर नख ओढलं
की माल ओला आहे, रायगोंडा, मला शिकवू नकोस.
भोवती वीस माणसं, कुणाला काही कळायचं नाही.

फुलचंद लुंकडची करंगळी अर्धीच होती,
उरलेली पॉलिशच्या ड्रमात गेलेली.
त्याचा पाच म्हणजे साडेचार,
असं हमालसुद्धा म्हणायचे, त्याच्या तोंडावर.

पहिल्या दिवशी हरभट रोडला लागलो
आणि पट्टा गप्प झाला.
मी जागच्या जागी थांबलो.
मागनं रिक्षावाला शिव्या देतोय,
भडंगवाला म्हणतोय, आजोबा, सावलीत तरी या,
मी आपला उभा.
कारण रुमालाखाली हात गप्प झाला
म्हणजे सौदा मोडला.
त्रिशला धावत आली. अण्णा, गप्प म्हणजे बरोबर चाललंय!
वहीत तिनं काहीतरी लिहिलं, पेनचा आवाज आला.
सत्तर वर्षांच्या माणसाला
गप्प राहण्याचा अर्थ बदलून घ्यायला
किती दिवस लागतात, ते लिहिलं असेल.

मला लागले अकरा.
नव्या फुटपाथवर ठिपक्यांच्या फरशा आहेत आमच्यासाठी,
तळपायाला बरोबर वाट सांगतात
आणि नेऊन घालतात विजेच्या खांबावर.
त्या खांबाशी पट्टा दोन्ही कुशींना एकदम थरथरतो.
आता मला तो खांब ओळखीचा वाटतो,
येता-जाता हात लावतो.

काल बँकेच्या पायरीवर कुणीतरी कोपर धरलं.
आंधळ्याला सगळेच धरतात, पोत्यासारखं.
हा हात मात्र कोपरावरनं घसरत मनगटाशी आला,
मनगटावरनं पंजात.
चार बोटं. आणि एक अर्धं.

नाव घेतलं नाही, त्यानंही नाही.
पुराच्या साली माझी साठ पोती भिजली होती,
याच हातानं नख ओढलं होतं, ओलं आहे म्हणून,
आणि नंतर पूर्ण पंजा धरला होता, वाळल्या मालाचा भाव,
धरून दोन श्वास जास्तच ठेवला होता.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
बोलण्याची ती जागाच नव्हती, वर चहा चालला होता.

मी खांद्यावरचा टॉवेल ओढून दोन्ही हातांवर टाकला.
जिना काय म्हणतोय, त्यानं वर विचारलं.
चढतोय अजून, मी म्हटलं.
खाली त्यानं मधलं पेर दाबलं.
मी पंजा धरला.
त्यानं पुन्हा पेर.
कशाचा भाव चाललाय, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

तेवढ्यात माकडहाडापाशी सुरू झालं,
मागं फिरा, मागं फिरा.
थांब जरा, मी कमरेला म्हटलं,
सौदा चाललाय.